मनःशांतीचा उपदेश कोणाला?

मनःशांतीवरील व्याख्यानांना हल्ली श्रोत्यांची वाण नाही. चिंता सोडा, श्वासाकडे लक्ष द्या, म्हणजे रक्तदाब आणि निद्रानाश पळालाच, असे वक्ते सांगतात. आणि आम्ही पांढरपेशे माना डोलावून घरी परततो. चित्ताला विसावा हवा, हे आम्हांसही मान्य आहे. आमचा वाद आहे तो या उपदेशाच्या पोटात दडलेल्या आरोपाशी. ज्याचे मन अशांत, त्याचा तो स्वतःचा दोष, हा तो आरोप होय.

हा आरोप घेऊन सोलापूरच्या पूर्वभागात जावे. मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई भिजवलेले तेंदूपान कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू घालून वळते, दोऱ्याने बांधते. मजुरी हजार विड्यांवर. तपासणीत ‘छाट’ ठरलेल्या विड्यांचे कष्ट फुकट. पान वाईट निघाले तरी तूट भरावयाची ती तिनेच. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून निघालेल्या इतर मोठ्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांचा भार या सुपावर येऊन पडला. अशा बाईला ‘चिंता सोडा’ म्हणून सांगावयाचे काय? तिची चिंता हा मनाचा विकार नव्हे. तो बिनचूक हिशेब आहे.

यावर कोणी म्हणतील, गरिबांचे आजार व्यसनांतून आणि अज्ञानातून येतात. त्यांनी लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांची १९६७ साली सुरू झालेली पाहणी पाहावी. हे नोकर उपाशी नव्हते की बेकार नव्हते. तरीही हुद्दा जसजसा खालचा, तसतसे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वाढते आढळले; तळाच्या पायरीवर ते वरच्या पायरीच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे हिशेबात धरूनही हे अंतर पुरते बुजले नाही. पुढे १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत, ज्याचा स्वतःच्या कामावर ताबा कमी त्याला हृदयविकाराचा धोका अधिक, असे दिसून आले. संकटसमयी छाती धडधडते, रक्तात साखर चढते, हे शरीराचे संरक्षणच. परंतु संकटच घरात मुक्कामाला आले, तर तेच संरक्षण शरीराला पोखरू लागते.

मग या बायका तग धरतात कशाच्या बळावर? गल्लीत एकत्र बसून विड्या वळताना सुखदुःख बोलून घेतात, हा त्यांचा पहिला आधार. दुसरा आधार संघटनेचा. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झगडून त्यांनी कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ साली ती घरे त्यांच्या हाती आली. ज्या बाईला घरमालक उद्या बाहेर काढू शकत नाही, तिला झोप लागावयास व्याख्यानाची काय गरज?

सारांश, चांगले पान, पुरती मजुरी, वेळेवर पाणी आणि हक्काचे छप्पर ही मनःशांतीची औषधे होत. आम्ही ती मागणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहणार नसू, तर निदान त्यांना शांत राहण्याचा उपदेश तरी करू नये.