‘एअर’ : नावाला वाटा, हातांना काय?

बेन ॲफ्लेक दिग्दर्शित ‘एअर’ या २०२३ सालच्या अमेरिकन चित्रपटाचे वृत्तपत्रांतून अमाप कौतुक झाले. कथा १९८४ सालची. नायकी या बूट कंपनीने मायकेल जॉर्डन या एकवीस वर्षांच्या बास्केटबॉलपटूशी वर्षाला पाच लाख डॉलरचा, पाच वर्षांचा करार केला, त्या व्यवहाराला येथे वीरगाथेचे रूप दिले आहे. कंपनीचे पगारी अधिकारी जणू क्रांतिकारक!

चित्रपटातील सर्वांत प्रभावी भाग जॉर्डनच्या आईचा, डेलोरिस यांचा आहे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडामागे मुलाला वाटा हवा, असा त्यांचा आग्रह. या मागणीत न्याय आहे. कृष्णवर्णीय खेळाडूच्या घामावर गोऱ्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या नफा कमावला, आणि ज्याच्यामुळे मूल्य निर्माण होते त्याला ते मिळावे, एवढेच ती माता म्हणते. परंतु हा युक्तिवाद खरा असेल तर तो बुटाचे कातडे कापणाऱ्या व तळ चिकटवणाऱ्या स्त्रीलाही लागू पडतो. नेमक्या याच ठिकाणी चित्रपटाची वाचा बसते. खेळाडूच्या नावाला वाटा देता येतो. श्रमाला दिला तर वरकड मूल्याचे सारे गौडबंगालच उघडे पडेल.

ते जोड शिवले कोठे? कंपनीने अमेरिकेतील मेन व न्यू हॅम्पशायर येथील आपले कारखाने त्याच दशकात बंद केले. काम गेले दक्षिण कोरिया व तैवानच्या कंत्राटदारांकडे. कोरियात तेव्हा चुन दू-ह्वान यांची लष्करी राजवट होती आणि स्वतंत्र कामगार संघटना दडपल्या जात होत्या. १९८७ च्या प्रचंड संपलाटेनंतर कोरियन कामगारांनी मजुरी वाढवून घेतली, तशी भांडवलाची पावले इंडोनेशिया, चीन व पुढे व्हिएतनामकडे वळली. ‘हार्पर्स’ मासिकाने ऑगस्ट १९९२ मध्ये एका इंडोनेशियन कामगार स्त्रीची पगारचिठ्ठीच छापली : ताशी सुमारे १४ सेंट. ऐंशी डॉलरच्या जोडामागे तिच्या देशात मजुरीवर पडणारा खर्च सुमारे १२ सेंट! अखेर मे १९९८ मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांनाच वॉशिंग्टन येथील भाषणात मान्य करावे लागले की त्यांच्या मालाचे नाव गुलामी वेतन व सक्तीच्या जादा कामाशी जोडले गेले आहे. चित्रपटातील नाइट मात्र धावण्याचा छंद असलेला, थोडासा विक्षिप्त, सज्जन गृहस्थ आहे.

जॉर्डनचा चेहरा दिग्दर्शकाने मुद्दाम दाखवलेला नाही, आणि समीक्षकांनी त्यात कलात्मक संयम पाहिला. शिलाई-कामगारांचे चेहरेही दिसत नाहीत, याची मात्र फारशी कोणी दखल घेतली नाही.

हा चित्रपट ॲमेझॉनच्या पैशाने निघाला, हेही ध्यानात ठेवावे. त्याच्या प्रदर्शनापूर्वी एक वर्ष, एप्रिल २०२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड येथील ॲमेझॉनच्या गोदामातील कामगारांनी बहुमताने आपली संघटना निवडली होती. कंपनीने तो कौल मानण्यास नकार दिला. त्यावर मात्र ॲमेझॉनने चित्रपट काढलेला नाही.