बँकांनी पत्ते बदलले, जिल्ह्याचं नावही बदललं. मग जुन्या वेबसाईटच्या नावाचं काय?

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांना तमिळनाडूतल्या एका कांदा व्यापाऱ्याचा फोन आला. घोडेगावच्या बाजारातून गेलेला आमचा माल त्याच्या गाळ्यावर पोचला होता. गोणीवर कंपनीचं नाव आणि खाली वेबसाईटचा पत्ता छापलेला. त्यानं सहज तो पत्ता मोबाईलवर टाकून पाहिला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम्ही कांदा विकता की पत्ते खेळवता?"

अध्यक्षांना काही उमजेना. त्यांनी मला फोन लावला. मी उसाला पाणी धरत होतो. बांधावर बसून वेबसाईट उघडली. जिथं आमच्या चाळीचा फोटो, संचालकांची नावं आणि कांद्याचा भाव असायचा, तिथं रमीचं पान. सोन्याची नाणी पडतायत, 'आत्ताच खेळा' लुकलुकतंय. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्येच केला, तरी ही दुकानं परदेशात बसून चालूच आहेत, आणि त्यातलं एक दुकान आता आमच्या नावावर होतं.

गावात सगळे म्हणाले, हॅक झालं. हॅक वगैरे काही नव्हतं. वेबसाईटच्या नावाचं वर्षाचं भाडं आम्ही मार्चमध्ये भरलं नाही, म्हणून नाव आमच्या हातून सुटलं. ज्यानं घेतलं, त्यानं रीतसर पैसे भरून घेतलं.

हे आमच्यापुरतं असतं तर बातमी केली नसती. पण गेल्या दोन-अडीच वर्षांत आपल्या जिल्ह्यात तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. बँकांना सरकारी आदेशानं नवे पत्ते घ्यावे लागले, जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आणि ग्रामपंचायतींनी घाईघाईनं संकेतस्थळं काढली. तिन्हींमुळे वेबसाईटची नवी नावं भराभर घेतली गेली. जुन्या नावांकडे मात्र कुणाचं लक्ष नाही.

आधी हे नाव म्हणजे काय ते समजून घेऊ. वेबसाईटच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते आपण विकत घेतलं असं बोलतो, पण ते विकत मिळतच नाही. खंडानं घेतलेल्या जमिनीसारखं आहे ते. एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंतचा खंड एकदम भरता येतो. मुदत संपली आणि पुढचा भरला नाही, तर मालक दुसऱ्याला देणार. 'डॉट इन' नावांचा कारभार निक्सी ही भारतातली संस्था बघते, पण आपण नाव घेतो ते तिच्या खालच्या विक्रेत्या कंपन्यांकडून. आता यात फसगत अशी की वेबसाईट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्याचं भाडं, म्हणजे होस्टिंगचं, वेगळं असतं. आमच्या कंपनीनं होस्टिंगचे तीन वर्षांचे पैसे एकदम दिले होते. संचालकांना वाटलं, सगळंच भरलं. घराचं भाडं भरलं, दारावरच्या पाटीचं राहिलं.

मुदत संपली की नाव त्याच दिवशी जात नाही. 'डॉट कॉम'सारख्या नावांत आधी काही दिवस सवलतीचे असतात, विक्रेत्या कंपनीनुसार कमी-जास्त, फार तर ४५. या काळात नेहमीच्या पैशात नूतनीकरण होतं, मात्र वेबसाईट अन् ईमेल बहुधा बंद पडलेलं असतं. त्यानंतर ३० दिवस नाव परत मिळवता येतं, पण दंड भरून, आणि तो दंड वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. मग नाव मोकळं. 'डॉट इन'चं चक्रही साधारण असंच. आमची वेबसाईट मार्चएंडच्या गडबडीत बंद पडली तेव्हा सगळे म्हणाले, नेट नसेल. एप्रिल उन्हाळी कांद्यात गेला, मे लग्नसराईत. अडीच महिने नाव परत घेता येत होतं आणि आमच्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

मोकळ्या होणाऱ्या नावांवर लोक टपून असतात. लोक म्हणजे त्यांनी लावून ठेवलेले संगणक. चार ठिकाणी छापलेलं, गुगलला ओळखीचं झालेलं, जुनं नाव त्यांना हवं असतं, कारण त्यावर आपोआप माणसं येतात. नाव चांगलं असेल तर विक्रेती कंपनी मोकळं व्हायच्या आधीच लिलावात काढते.

आठवणीचे मेल आले नाहीत का? आले असणार. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी तर नियमच आहे की मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा सूचना द्यायची, आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत आणखी एक. पण सूचना जाते ती ज्याचा ईमेल नोंदवलाय त्याला. आमची वेबसाईट नगरच्या एका पोरानं करून दिली होती. काम चांगलं केलं, पैसेही वाजवी घेतले. फक्त नाव घेताना त्यानं स्वतःचं नाव, स्वतःचा जीमेल आणि स्वतःचा मोबाईल टाकला. पुढं तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला. त्याच्यावर मी दोष टाकणार नाही. सातबारा काढताना आपण दहा वेळा बघतो नाव कुणाचं लागलंय ते. कंपनीच्या नावाचा 'सातबारा' कुणाच्या नावावर आहे, हे आम्ही पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही.

खरा घाम फुटला तो आणखी दोन दिवसांनी. आमचे सीए म्हणाले, रमीचं सोडा, तुमच्या जीएसटीला कोणता ईमेल दिलाय? दिला होता तो याच नावाचा, 'इन्फो ॲट' आणि पुढं कंपनीचं डोमेन. बँकेतही तोच, खतकंपनीच्या खात्यालाही तोच. डोमेन ज्याच्या हातात, त्या नावावर येणारी सगळी टपाल त्याच्या हातात. त्यानं कुठल्याही खात्यावर 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड करायची लिंक त्याच्याच पेटीत. आमचं नशीब की घेणाऱ्याला रमीतच रस होता, आणि जीएसटीचा पासवर्ड सीएंकडे होता. त्यांनी आत जाऊन ईमेल बदलला. मग बँक. बँकेत अर्ज, संचालकांचा ठराव, तीन सह्या. चार दिवस गेले.

खेड्यातले अडाणी म्हणून हे होतं असं कुणी समजू नये. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनं 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे पैसे भरायचे विसरले. त्यावर हॉटमेलचं लॉगिन चालायचं, त्यामुळे कितीतरी लोकांचं ईमेल अडकलं. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. ते आडवं गेलं नाही कारण माणूस भला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे. रिझर्व्ह बँकेनं २२ एप्रिल २०२५ ला परिपत्रक काढून सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं. व्यापारी बँकाच नव्हे, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात आल्या. ही नावं फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत मिळतात आणि फक्त बँकेलाच मिळतात. निर्णय चांगला आहे. बँकेसारखं दिसणारं नाव घेऊन फसवणाऱ्यांना याने चाप बसतो. पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळे तिला हा पत्ता मिळत नाही, हेही या निमित्तानं लक्षात ठेवावं. आपल्याकडे बोलताना दोन्हींना 'बँक'च म्हणतात, म्हणून सांगतो.

पण जुन्या पत्त्याचं पुढं काय? तो तुमच्या पासबुकावर आहे, चेकबुकावर आहे, बँकेनं दिवाळीला वाटलेल्या कॅलेंडरवर आहे. आज जुना पत्ता टाकला की बँक तुम्हाला नव्यावर नेऊन सोडते. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी संचालक विचारेल, वापरात नसलेल्या नावाचे पैसे कशाला? आणि खर्च वाचवला म्हणून नाव सोडून दिलं जाईल. त्या दिवशी फसवणाऱ्याला बनावट नाव शोधायचीही गरज उरणार नाही. बँकेचं खरंखुरं जुनं नाव त्याला एका शाळेच्या सहलीच्या वर्गणीत मिळेल. तिथं त्यानं बँकेसारखं पान लावलं, तर पासबुक बघून पत्ता टाकणारा आमचा म्हातारा काय ओळखणार?

जिल्ह्याच्या नावाचंही तेच. ३१ मे २०२३ ला चौंडीत घोषणा झाली, १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बदल अमलात आला. त्यानंतर संस्था, शाळा, दुकानदार यांनी पाट्या बदलल्या, काहींनी डोमेनही नवी घेतली. सरकारी 'गव्ह डॉट इन' पत्त्यांची फारशी काळजी नाही, कारण ते बाहेरच्या कुणाला बाजारात मिळत नाहीत. प्रश्न खासगी नावांचा आहे. ज्या जुन्या नावात 'अहमदनगर' किंवा नुसतं 'नगर' आहे, ते आता कालबाह्य समजून सोडलं जाण्याची भीती जास्त. नाव बदलायचं तर बदला, पण जुनं निदान पाच-सात वर्षं आपल्याच ताब्यात राहू द्या आणि ते उघडलं की नवं उघडेल अशी सोय करा. माझ्या मते बँकेनं तर ते कधीच सोडू नये.

ग्रामपंचायतींची गोष्ट आणखी जवळची, आणि तारीखही जवळची. मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान १७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं. सुशासनाचे गुण मिळावेत म्हणून गावोगाव संकेतस्थळं निघाली. ज्यांनी ती खासगी एजन्सीकडून 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम'वर एका वर्षासाठी घेतली, त्यांची मुदत यंदाच्या सप्टेंबरपासून संपत जाणार. पहिल्या वर्षाला स्वस्तात देतात, दुसऱ्या वर्षाचा दर चढा असतो, तो कुठल्या निधीतून भरायचा? आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर? ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली की नंबर त्याच्याबरोबर जातो. सरपंच बदलला की नवा सरपंच म्हणतो, ते आधीच्या पार्टीचं काम. घरपट्टी भरायचा क्यूआर कोड त्याच संकेतस्थळावर लावला असेल, तर ते संकेतस्थळ उद्या कुणाच्या हातात आहे हा गावाच्या पैशाचा प्रश्न होतो.

आपल्या संस्थेची मुदत बघायला अर्धा मिनिट लागतो. गुगलवर 'हूइज' असं टाकलं की नाव तपासायची पानं येतात. तिथं डोमेन टाकलं की नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यासाठी वेबसाईट करून देणाऱ्याला गाठावं लागतं. त्याच्याकडून खात्याचा ताबा संस्थेच्या नावावर घ्या. त्या खात्याला ईमेल मात्र त्याच डोमेनचा देऊ नका. नाव बंद पडलं की सूचना येणारी पेटीही बंद पडते, कुलूपाची किल्ली आत ठेवून दार लावल्यासारखं.

ऑटो रिन्यूवर विसंबून राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायला रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले, आणि परदेशी विक्रेत्यांच्या बाबतीत तर कापणं बऱ्याचदा अडकतं. शिवाय कार्डाचीही मुदत संपते. त्यापेक्षा पाच किंवा दहा वर्षांचे एकदम भरलेले बरे. अन् 'तुमचं डोमेन संपतंय, ताबडतोब या लिंकवर पैसे भरा' असा मेल आला तर त्या लिंकवर भरू नका. असे खोटे मेलही फिरतात. आपल्या विक्रेत्या कंपनीच्या खात्यात स्वतः जाऊन भरायचं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. जेवण चांगलं असतं, प्रश्न कुणी विचारत नाही. यंदा एकानं तरी उठून विचारावं की आपल्या बँकेचं जुनं डोमेन कुठपर्यंत भरलंय आणि कुणाच्या नावावर आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.

आमचं नाव काही परत मिळालं नाही. 'डॉट इन'साठी निक्सीकडे तक्रारीची सोय आहे, आयएनडीआरपी म्हणतात. पण नावावर आपला हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दोन्ही दाखवावं लागतं, आणि आम्ही तर स्वतःच मुदत घालवलेली. वकील म्हणाले, तेवढ्या खर्चात विहिरीवर नवी मोटार बसेल. मग दुसरं नाव घेतलं, कंपनीच्या नावावर, दहा वर्षांचे पैसे भरून. जुन्या पत्त्याच्या छापील गोण्या शिल्लक होत्या. टाकवत नाहीत, वापरवत नाहीत. सध्या संध्याकाळी दोन बाया शेडमध्ये बसून प्रत्येक गोणीवरच्या त्या ओळीवर काळा रंग मारतायत.