ओसरीवरील गोष्टी : चौकट कोणती घ्यावी?

आमच्या कुळाचा वृत्तांत छापून पन्नास वर्षें होऊन गेलीं. घरीं उरलेल्या दोन प्रतींपैकीं एकीस वाळवी लागलेली, आणि दुसरीचीं पानें हात लावतांच तुटणारीं. तेव्हां तो सबंध वृत्तांत संकेतस्थळावर आणावा, म्हणजे मुंबईपासून अमेरिकेपर्यंत पांगलेल्या सर्व घरांस तो वाचतां येईल, असें गेल्या गणेशोत्सवांत सर्वानुमतें ठरलें. काम धाकट्या पुतण्यानें अंगावर घेतलें. तो पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे. दिवाळीपर्यंत त्यानें तें पुरेंही केलें. आणि त्याच्या संगणकावर तें पाहून आमचे डोळे खरोखर निवले. नांवावर बोट ठेवावें कीं वंशवृक्षाची फांदी उलगडे आणि त्या त्या शाखेचे फोटो समोर येत.

पाडव्याच्या दिवशीं गांवाहून वहिनींचा फोन आला. "भावोजी, आपल्या कुळाचा वृत्तांत कोराच आहे का हो? मला तर नुसता पांढरा कागद दिसतो."

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. छापील वृत्तांतांत पुरुषांचीं नांवें खापरपणजोबांपर्यंत बिनचूक आहेत. परंतु लेकींच्या जागीं बहुतेक ठिकाणीं 'कन्या २', 'कन्या ३' एवढा आंकडाच काय तो आहे, आणि सुनांचें माहेर तर क्वचितच दिलेलें. हीं नांवें ज्यांस तोंडपाठ आहेत अशी एकच व्यक्ति आज हयात आहे, ती म्हणजे आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या वहिनी. त्यांनीं वाचावें आणि गाळलेलें भरून काढावें, हा या सर्व खटाटोपाचा अर्धा हेतु होता. ज्यांच्यासाठीं मुख्यतः पान वाढलें, नेमकें त्यांच्याच पुढें तें रिकामें आलें!

असें कां झालें, हें पाहणें आम्हांस भाग होतें. छत्तीस वर्षें वर्गांत संस्कृत शिकविलें. 'कां' विचारल्यावांचून पुढचा धडा घेण्याची संवय नाहीं. पुतण्यास आणि याच विषयाचें शिक्षण घेत असलेल्या आमच्या नातीस ओसरीवर बसवून जें समजून घेतलें, तें येथें थोडक्यांत देतों. आज घरोघर एखादा मुलगा वा मुलगी ही विद्या शिकत आहे, आणि देवस्थानाचें, शाळेचें किंवा दुकानाचें संकेतस्थळ करवून घेण्याचा प्रसंग वडील मंडळींवरही येतो.

संकेतस्थळ दाखविणारा जो ब्राउझर, त्याला मुख्यतः तीनच भाषा कळतात. एचटीएमएल ही मजकुराची मांडणी सांगते: हा मथळा, हा परिच्छेद, हें चित्र. सीएसएस त्यास पोशाख चढविते. जावास्क्रिप्ट त्यांत हालचाल आणते. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत पहिलें संकेतस्थळ १९९१ सालीं सुरू केलें. त्याचीं जुनीं पानें आजच्या फोनवरही सुखानें उघडतात. जावास्क्रिप्ट १९९५ सालची, आणि सीएसएसला प्रमाणरूप मिळालें तें १९९६ सालीं. बाकी जें जें कांहीं आहे, तें या तिघींच्या पोटांतलें.

मग या फ्रेमवर्कांचें, म्हणजे चौकटींचें, प्रयोजन काय? पुतण्यानें एक उदाहरण दिलें. फेसबुकवर न वाचलेल्या निरोपांचा आंकडा दिसे. उघडून पाहावें तों नवा निरोप एकही नाहीं! त्यांच्या अभियंत्यांनीं ही अडचण २०१४ सालीं जाहीरपणें सांगितली. एकच माहिती पानावर तीन ठिकाणीं दाखवावयाची, आणि ती बदलली कीं तिन्ही ठिकाणें वेगवेगळीं दुरुस्त करावयाचीं. त्यांतलें एखादें राहून जावयाचेंच. एकत्र कुटुंबांत प्रत्येक खोलींत खर्चाची वेगळी चिठ्ठी ठेवली तर महिनाअखेर हिशेब जुळेल काय? वही एकच असावी, आणि ज्यानें त्यानें तिच्यांत पाहून बोलावें. आजच्या चौकटींचें मर्म हेंच. माहिती एके जागीं ठेवावी. ती बदलली कीं पान आपोआप तदनुसार बदलावें.

या चौकटी अनेक आहेत. २००६ सालीं जॉन रेसिग यांचें जेक्वेरी आलें. तें चौकट नव्हे, हाताशीं ठेवावयाचीं हत्यारें. २०१० सालीं गूगलचें अँग्युलरजेएस, २०१३ सालीं फेसबुकचें रिॲक्ट, २०१४ सालीं इव्हान यू यांचें व्ह्यू, आणि २०१६ सालीं रिच हॅरिस यांचें स्वेल्ट. स्वभाव प्रत्येकाचा निराळा. अँग्युलर म्हणजे भांड्याकुंड्यांसकट मिळणारें मंगल कार्यालय. सर्व कांहीं तेथलेंच वापरावें, तेथल्या शिस्तीनें वागावें. मोठ्या कचेरींत पन्नास माणसें एकाच कामावर असतात, तेथें ही शिस्त उपकारक ठरते. रिॲक्ट केवळ पडद्यापुरतें पाहतें. बाकीचें सामान आपण जमवावें. तें जाणणारे पुष्कळ, म्हणून नोकरीच्या बाजारांत त्यास मागणी मोठी. व्ह्यू शिकण्यास सोपें, आणि पानाच्या एखाद्या कोपऱ्यापुरतेंही लावतां येतें. स्वेल्ट आपलें बरेचसें काम आधींच उरकून ठेवतें, त्यामुळें वाचकाच्या फोनवर ओझें कमी पडतें.

आतां वहिनींचें पान कोरें कां, तें पाहूं. पुतण्यानें सर्व वृत्तांत रिॲक्टमध्यें अशा रीतीनें रचला होता कीं, प्रथम वाचकाकडे जवळजवळ रिकामें पान जावें, मागाहून जावास्क्रिप्टचें गांठोडें जावें, तें फोननें उलगडावें, मग त्यानें मजकूर मागवावा, आणि तेव्हां कोठें पहिलें अक्षर दिसावें. पुण्याच्या वेगवान जोडणीवर हें निमिषांत होतें. वहिनींचा फोन जुना, गांवीं जोडणी अंगणांत मिळाली तर मिळाली. गांठोडें वाटेंतच अडकलें, आणि पान पांढरें राहिलें.

"काका, हल्लीं सगळे असेंच करतात," पुतण्या म्हणाला.

"सगळ्यांना आपल्या वहिनी नाहींत," आम्ही म्हणालों.

नात मात्र दुसऱ्या टोकाला. "आजोबा, चौकट हवीच कशाला? साधें एचटीएमएल लिहूं." तेंही आम्हांस सर्वस्वीं पटलें नाहीं. शेंकडों पानांचा मथळा आणि तळटीप हातानें लिहिली तर एक चूक सुधारण्यास शेंकडों पानें उघडावीं लागतील.

वाद वाढूं लागला तेव्हां आम्हीं तीन प्रश्न पाटीवर लिहिले. पहिला: वाचणारा कोण, आणि कोणत्या फोनवर? दुसरा: पान वाचकासमोर असतांना त्यांतील किती गोष्टी बदलतात? तिसरा: पांच वर्षांनीं हें कोण सांभाळणार?

रेल्वेचें आरक्षण, बँकेचा व्यवहार, निरोपांची देवघेव, येथें क्षणोक्षणीं आंकडे बदलतात. तेथें चौकट घेतलीच पाहिजे. कुळाचा वृत्तांत वर्षांतून दोनचारदां बदलणार! घरच्या मुंजीचें वार्षिक श्राद्धाच्या मानानें मोठें कार्यालय ठरवावें हें ठीक. पण श्राद्धास चार ब्राह्मण जेवावयाचे, त्यास कार्यालय कशाला?

तिसरा प्रश्न तरुणांस सुचत नाहीं, म्हणून त्याविषयीं दोन शब्द अधिक. २०१६ सालीं गूगलनें अँग्युलर मुळापासून नव्यानें लिहिलें. जुनें काम त्यांत जसेंच्या तसें चालेना. पुढें २०२१ च्या डिसेंबरअखेर जुन्याचा सांभाळही थांबला. ज्यांनीं त्यावर मोठीं कामें उभारलीं होतीं, त्यांस तीं पुन्हां लिहावीं लागलीं, नाहीं तर जुन्यावरच दिवस काढावे लागले. दुसरी गोष्ट २०१६ च्या मार्चमधली. 'लेफ्ट-पॅड' नांवाचा जेमतेम अकरा ओळींचा एक तुकडा होता. शब्दाच्या डाव्या बाजूस मोकळी जागा भरावी, एवढेंच त्याचें काम. कर्त्यानें एका वादामुळें तो सार्वजनिक भांडारांतून काढून घेतला, आणि त्यावर परंपरेनें विसंबून असलेलीं जगभरचीं कामें कांहीं तास अडलीं. आपण ज्यावर विसंबतों तें कशावर विसंबून आहे, हें ठाऊक असावें, हाच त्याचा बोध.

मुलांस आम्हीं आमच्या शास्त्रांतला दाखला दिला. पाणिनीचीं सूत्रें सुमारें चार हजार. भट्टोजी दीक्षितांनीं सतराव्या शतकांत तींच विषयवार लावून सिद्धान्तकौमुदी रचिली. विद्यार्थ्यांस मोठी सोय झाली. परंतु कौमुदीनें एकही रूप स्वतःच्या अधिकारानें सिद्ध केलेलें नाहीं; अधिकार सूत्रांचाच. चौकटी या कौमुदीसारख्या. मागून आणखी येतील. ज्यास मूळच्या तिन्ही भाषा येतात त्यास नवी चौकट महिन्या-दोन महिन्यांत वश होते. ज्यास चौकटच तेवढी येते त्यास ती मोडतांच हात जोडून बसावें लागतें.

अखेर उभयतांनीं मिळून मार्ग काढला. नांवांची सर्व माहिती साध्या तक्त्यांत, कोणत्याही चौकटीपासून अलग ठेवली. त्या तक्त्यावरून पानें आधींच तयार करून ठेवण्याची युक्ति योजिली. त्यामुळें वाचकाकडे मजकुरानें भरलेलें पान जातें, आणि एक चूक एकाच ठिकाणीं सुधारतां येते. उलगडणाऱ्या वंशवृक्षापुरतें मात्र रिॲक्ट राहिलें. तें न पोंचल्यास त्या जागीं नांवांची साधी यादी दिसते. पुतण्याचे श्रम वायां गेले नाहींत, आणि नातीचा हट्टही राहिला.

मार्गशीर्षांत वहिनींनीं अंगणांत बसून आपल्याच फोनवर वृत्तांत वाचला. पुढें नऊ दिवस रोज संध्याकाळीं त्या फोनवरून सांगत, आणि नात तक्त्यांत भरीत असे. 'कन्या २' आणि 'कन्या ३' बहुतेक पुसले गेले. त्या जागीं नांवें आलीं, सासरें आलीं, दोन ठिकाणीं तर लहानपणींच गेलेल्या मुलींचीं नांवें आलीं, जीं वृत्तांतांत आंकड्यानेंही नव्हतीं. चारपांच नांवें वहिनींसही आठवलीं नाहींत. तीं आतां कोणत्याही चौकटींत सांपडावयाचीं नाहींत.

तक्त्याची एक प्रत कागदावर छापूनही ठेवली आहे. वाळवीचा बंदोबस्त तेवढा आमच्याकडे.