निळी जीभ

मुलांनो,

आज तुम्हाला दोन पत्रांची गोष्ट सांगते. पत्रं लिहिणारी मुलगी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. मग तिच्या आईला फिनलंडमध्ये नर्सची नोकरी मिळाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सगळं घर तिकडे गेलं. नकाशाचं पुस्तक काढा बघू! युरोपात अगदी वर, स्वीडन आणि रशियाच्या मधे फिनलंड आहे. त्यात टॅम्पेरे हे शहर शोधा. दोन मोठ्या तलावांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसलं आहे.

जाताना मी तिला बजावलं होतं, "फोनवर निरोप नको हं. पत्र लिही."

पहिलं पत्र आलं ते जेमतेम आठ ओळींचं. "ती. बाईंना सा. न. इथे मला कुणाचं काही कळत नाही. भाषा शिकायच्या वर्गात बसवलंय. प्रत्येक सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढतात, पाऊस असला तरी! मुलं खेळतात, मी भिंतीला टेकून उभी राहते. सकाळी पोटात दुखतं. मला परत यायचंय."

काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. "रडू नकोस, होईल सवय," एवढंच लिहिलं. खरं सांगू? ते काही बरं उत्तर नव्हतं. ज्याला रडू येतंय त्याला "रडू नकोस" म्हणून काय उपयोग?

दुसरं पत्र आलं मार्चमध्ये. चांगलं सहा पानी! त्यातला थोडा भाग तुम्हाला वाचून दाखवते.

"बाई, तुमचं पत्र यायच्या आधीच एक गंमत झाली. शेजारच्या आजी एका रविवारी मला आणि आईला रानात घेऊन गेल्या. इथे आजीला मुम्मो म्हणतात. रान बसथांब्याच्या मागेच सुरू होतं. खाली घोट्याएवढी झुडपं आणि त्यांना काळी-निळी बारीक फळं. मुम्मोंनी फणीसारखे दात असलेलं एक डबडं दिलं. झुडपातून फिरवलं की फळं आत! फळाचं नाव मुस्तिक्का. मला नीट आलेला हा पहिला फिनिश शब्द. मी इतकी खाल्ली की जीभ निळी झाली, जांभळं खाल्ल्यावर होते तश्शी. दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलीने माझी जीभ पाहिली आणि ती हसायला लागली. मला रडूच येणार होतं. पण तिने आपली जीभ बाहेर काढून दाखवली. तीपण निळी!"

मुलांनो, ते रान ना मुम्मोंचं होतं, ना या मुलीच्या घरच्यांचं. मग ही चोरी नाही का झाली? नाही! फिनलंडमध्ये 'प्रत्येकाचा हक्क' म्हणून एक जुनी रीत आहे. रान कुणाच्याही मालकीचं असो, त्यातून पायी हिंडायला, रानफळं आणि अळंबी गोळा करायला मालकाला विचारावं लागत नाही. कालपरवा देशात आलेल्यालाही हा हक्क मिळतो. मात्र त्याच्याबरोबर जबाबदारीही येते. कुणाच्या घराच्या अंगणात किंवा पिकाच्या शेतात शिरायचं नाही. जिवंत झाड तोडायचं नाही. पक्ष्यांची घरटी विस्कटायची नाहीत. परवानगीशिवाय जाळ पेटवायचा नाही आणि कचरा टाकायचा नाही. देशाचा 70 टक्क्यांहून जास्त भूभाग जंगलाचा, तरीही ते हे नियम पाळतात.

पुढे ती लिहिते, "डिसेंबरात फार वाईट वाटलं. शाळेत जाताना अंधार, येतानाही अंधार. आजोळची आठवण येऊन मी पुष्कळ रडले. पण सुट्टीत बाहेर जायचंच! इथे म्हणतात, हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात. मी कपड्यांचे तीन थर घालते. दप्तराला चमकणारी पट्टी लटकवते, म्हणजे गाडीवाल्यांना अंधारात आपण दिसतो. आता तर तलाव गोठलाय आणि आम्ही त्याच्यावर चालतो! पण आधी मोठी माणसं बर्फाची जाडी मोजतात. एका माणसाला चालायला निदान 5 सेंटिमीटर पक्का बर्फ लागतो. बाई, मी माझ्या मैत्रिणीला आपला 'कोंबडा की कोंबडी' शिकवला. पण मुस्तिक्का कितीही फोडा, आत जांभळंच, म्हणून सारखा कोंबडाच! ती 'कोम्पता' म्हणते."

टॅम्पेरेला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस साडेपाच तासांहूनही लहान असतो. तोच जूनमध्ये 19 तासांहून मोठा होतो. भूगोलाच्या पुस्तकातला पृथ्वीचा कललेला आस या पोरीने अंगावर अनुभवला!

पत्र मी वर्गात वाचलं आणि विचारलं, "झुडपावरून स्वतः तोडून करवंद कुणी खाल्लंय?" 28 मुलांत 7 हात वर आले. आमची शाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे, बरं का! मलाच लाज वाटली. करवंदाचं चित्र मी फळ्यावर कितीदा काढलं, पण झुडूप एकदाही दाखवलं नव्हतं.

शनिवारी डोंगरावर जायचं ठरलं. एका वडिलांची चिठ्ठी आली, "मुलाला नेऊ नये. पडेल, काटा लागेल." त्यांची काळजी खोटी नव्हती. मी त्यांनाच बरोबर बोलावलं. ते आले, थोडे रागातच. अर्ध्या वाटेवर एका जाळीपाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, लहानपणी आम्ही इथंच यायचो." मग पुढे ते आणि मागे आम्ही! जाळी पांढऱ्या फुलांनी भरली होती. एकाला काटा लागला खरा, पण तो मलाच!

पालकांनो, मुलांना घरात ठेवलं की ती सुरक्षित राहतात, हे मलाही कळतं. पण आठवड्यातला एक तास त्यांच्याबरोबर बाहेर पडा. तुमचीही एखादी जाळी असेलच की!

आणि मुलांनो, तुम्ही मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जा. आपल्याकडे झाड कुणाचं असेल तर आधी विचारा. जाळीत हात घालण्यापूर्वी नीट बघा, सावलीला साप असू शकतो. ओळखीचं नसलेलं फळ किंवा अळंबी तोंडात घालू नका. मे महिन्यात करवंदं पिकली की फोडून बघा. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

आणि तुमच्या वर्गात कुणी नवीन आलं असेल, भिंतीला टेकून उभं असेल, तर एक काम करा. त्याला बरोबर न्या. भाषा येत नसली तरी चालेल. जीभ रंगली की पुरे!

तुमच्या,
बाई