उपशामक सेवेतील रुग्णांना वेदनाकारक उपचारापूर्वी औषध देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ठाणे
यांचे सेवेशी सादर

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही भिवंडी शहर व तालुक्यातील कर्करुग्णांचे आप्त असून, ज्यांच्या व्याधीचे निर्मूलन वैद्यकशास्त्राच्या आवाक्याबाहेर गेले आहे, परंतु ज्यांच्या यातनांचे निवारण पुष्कळ अंशी त्याच शास्त्राच्या हाती आहे, अशा रुग्णांच्या वतीने हे निवेदन सादर करीत आहोत.

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांचे उपचार संपले की रुग्ण गावी परततो, आणि मग जखमेचे ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणे, पोटातील पाणी काढणे ही सारी कामे येथेच करावी लागतात. गालाच्या कर्करोगाच्या उघड्या जखमेवर वाळून चिकटलेले गॉज कोरडेच ओढले जाते, तेव्हा यंत्रमागावर उभी हयात घालविलेला धट्टाकट्टा गडी खाटेची कड दोन्ही हातांनी आवळून धरतो, आणि पुढील ड्रेसिंगच्या आदल्या रात्री त्याचा डोळ्यास डोळा लागत नाही.

रोगाची कळ अवचित उठते. उपचाराची कळ मात्र आगाऊ ठाऊक असते. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा गुण यावयास सुमारे अर्धा तास व पूर्ण प्रभाव पडावयास सुमारे एक तास लागत असल्याने, रुग्ण कळवळल्यानंतर दिलेली गोळी तो घरी पोहोचल्यावर लागू पडते. कायद्याच्या धास्तीने हे औषध टाळण्याचेही आता प्रयोजन उरलेले नाही. कारण 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन, मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरविण्यात आली आहेत, व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती बाळगण्याची वाट सुकर झाली आहे.

सबब आमच्या मागण्या येणेप्रमाणे :

1. उपशामक सेवेतील रुग्णावर कोणताही वेदनाकारक उपचार करण्यापूर्वी वेदनाशामक देण्याचा लेखी आदेश काढावा. औषध, मात्रा, ते दिल्याची वेळ व उपचार सुरू केल्याची वेळ केसपेपरवर नोंदवावी.

2. नियमित मॉर्फिन घेणाऱ्याची नेहमीची मात्रा न तोडता, वय, मूत्रपिंडाची स्थिती व श्वसन पाहून डॉक्टरांनी उपचारापूर्वीची जादा मात्रा ठरवावी. नालोक्झोन हाताशी असावे.

3. गॉज सलाइनने भिजवूनच सोडवावे. नळी घालण्यापूर्वी सुन्न करणारे जेल लावून काही मिनिटे थांबावे.

4. तालुक्यातील ज्या शासकीय रुग्णालयास मान्यताप्राप्त संस्थेचा दर्जा नसेल, त्याचा प्रस्ताव तातडीने पाठवावा व मॉर्फिनच्या साठ्याची दरमहा तपासणी व्हावी.

5. परिचारिकांना प्रशिक्षण द्यावे. घरी ड्रेसिंग करणाऱ्या आप्तांसाठी मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगू भाषांत सूचनापत्रक छापावे.

यांपैकी पहिल्या व तिसऱ्या मागणीस नवी इमारत लागत नाही की नवे पद. त्यांचा अंमल आपल्या एका परिपत्रकाने होऊ शकतो. तरी ते परिपत्रक तीस दिवसांच्या आत जारी करून त्याची प्रत आम्हांस मिळावी, व उर्वरित मागण्यांबाबतचा निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
भिवंडी शहर व तालुक्यातील कर्करुग्णांचे आप्त
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)