सहल पायांनीच व्हावी

वार्षिक सहलीचे पत्रक वर्गात वाचून दाखविले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, बस कोणती?" कोठे जावयाचे, तेथे काय पाहावयाचे, हे प्रश्न मागाहून येतात, कधी कधी येतही नाहीत. पहाटे निघावे, गाणी म्हणावी, घाटात चार-पाच जणांनी ओकावे, दुपारी एका उद्यानात डबे उघडावे आणि मध्यरात्री झोपलेल्या स्थितीत पालकांच्या स्वाधीन व्हावे, असा हा सोहळा असतो. त्यास माझा विरोध नाही. परंतु आठवीपासून पुढच्या प्रत्येक वर्गाची वर्षातून एक सहल तरी संपूर्ण पायी, आणि ती आपल्याच तालुक्यातील डोंगरावर व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पेडण्याच्या मुलांना यासाठी दूर जावयास नको. हरमलच्या किनाऱ्यावरून उत्तरेस निघावे, गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी क्षणभर थांबावे, तेथून सड्यावर चढावे, पलीकडे केरीच्या सुरूच्या बनात उतरावे आणि फेरीबोटीने नदी ओलांडून तेरेखोलचा किल्ला गाठावा. कळसूबाईची उंची 1646 मीटर. तिच्या मानाने हा डोंगर म्हणजे उंचवटाच. पण तो समुद्रातून एकदम उभा राहतो, आणि भुसभुशीत जांभ्याच्या खड्यांवरून पाय घसरू लागला म्हणजे आकडे कोणास आठवत नाहीत.

पालकांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्यास कारण माझ्याच हातून घडले आहे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात मी एक तुकडी याच वाटेने नेली. सातला निघावयाचे ठरले होते. कोणी उशिरा आले, कोणाचा डबा राहिला, आणि आम्ही चढू लागलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. त्या वेळी परत फिरणे हाच शहाणपणा होता. इतक्या मुलांचा हिरमोड कसा करावा, या भिडेपोटी मी तो केला नाही. धडधाकट मुले पुढे धावली, मी त्यांच्यामागे, आणि नववीतील एक मुलगी सगळ्यांच्या मागे राहिली. सड्यावर एका झाडाची सावली नाही. ती केव्हा बसली, हे आम्हांस कळलेच नाही. मागे वळून पाहिले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिची बाटली रिकामी होती. तिला आधार देत आम्ही पालयेच्या बाजूने खाली आणले. पहिल्याच घरातील आजीने काही न विचारता तिला ओसरीवर निजविले, मीठ घातलेली पेज आणली आणि म्हणाली, "बाय, सावकास पी गो." नंतर माझ्याकडे वळून तिने जे काही ऐकविले, ते येथे छापण्याजोगे नाही, पण त्यातील शब्दन् शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेत आली. "मास्तर, पुन्हा डोंगराचे नाव काढू नका," एवढेच ती म्हणाली. त्या क्षणी मलाही ते पटले. आज पटत नाही. कारण चूक डोंगराची नव्हती, घड्याळाची आणि रांगेची होती. आपल्या दमट हवेत घाम येतो खरा, पण तो लवकर वाळत नाही; आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही. म्हणून आपल्याकडचा लहानसा चढही देशावरच्या मोठ्या चढाइतका थकवितो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीचे दिवस निवडावे, उजाडता उजाडता चढण संपवावी, दर मुलामागे दोन बाटल्या आणि मिठाची चिमूट घातलेले कोकमाचे सरबत असावे. भरतीच्या वेळी खडकांवरून जाऊ नये. उतरताना वाळल्या गवतावर पाय टाकू नये. पडणे घडते ते बहुधा उतरतानाच. आणि सर्वांत हळू चालणारे मूल रांगेत सर्वांच्या पुढे असावे. हा शेवटचा नियम मुलांना रुचत नाही. कवायतीच्या मास्तरांनाही रुचत नाही.

आता एवढा खटाटोप कशासाठी? पुस्तकात जांभा दगड एका ओळीत संपतो. बुकानन या स्कॉटिश प्रवाशाने 1807 साली मलबारातील या दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटराइट' म्हटले, हे मुले पाठ करतात. पण आपल्याकडे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तो या सच्छिद्र दगडात मुरतो आणि पायथ्याशी झरा होऊन निघतो, हे कळण्यासाठी खारट समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागते. डिचोलीच्या मुलांना तर हे अधिकच कळावयास हवे. ज्या लोहामुळे हा दगड तांबडा, त्या लोहासाठी त्यांच्या तालुक्यातील डोंगर कित्येक दशके खणले गेले. पावसाळ्याच्या अखेरीस सड्यावर सीतेची आसवे फुलतात. ही इवली निळीजांभळी फुले कीटकभक्षी वनस्पतीची आहेत, कारण तेथील मातीत पोषण नाही. आणि तेरेखोल! सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला 1746 साली पोर्तुगिजांनी घेतला. पेडणे महाल त्यांच्याकडे गेला तो 1788 साली. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. तटावर उभे राहून समोर केरी आणि मागे रेडीची बाजू पाहिली म्हणजे ही जागा एवढी हवीशी का वाटली, हे सांगावे लागत नाही.

आपल्याच गोव्यात 1907 साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे पंडित. पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून त्यांनी अश्मयुगातील बारीक दगडी हत्यारे गोळा केली आणि त्यांवरून इतिहास लिहिला. मोटारीच्या खिडकीतून ती हत्यारे दिसली नसती.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. मोप्याच्या सड्यावर आता विमानतळ आहे. जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडतात. त्याचे बरेवाईट ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. पण विमानतळाबरोबर जमिनीला भाव आला आणि डोंगरकापणीच्या तक्रारी ग्रामसभांत वारंवार येऊ लागल्या. उद्या अशाच एखाद्या ठरावावर या मुलांनी हात वर करावयाचा की नाही, हे त्यांनी स्वतः ठरवावे. पण ज्या सड्यावर कधी पाऊलही ठेवले नाही, त्याविषयी ती काय ठरविणार?

या वर्षीच्या पत्रकात मी पुन्हा हरमल ते तेरेखोल असेच लिहिले आहे. त्या मुलीची धाकटी बहीण आता आठवीत आहे. तिची आई परवा शाळेत आली. परवानगीच्या कागदावर सही होती, पण एका अटीवर. ती स्वतः बरोबर येणार, आणि निघावयाचे की परत फिरावयाचे हे घड्याळ पाहून तीच सांगणार. मी अट मान्य केली आहे.