डाग सायलेन्सरचा, परीक्षा इंजिनिअरची

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी सांभाळून घ्यावं! पण आजचा विषय कुठल्याच मीडियमच्या शाळेत शिकवत नाहीत. विषय आहे, सायलेन्सरला चिकटलेला रेनकोट.

हसू नका. पावसाळ्यात हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. कितीतरी गाड्यांच्या बेंड पाइपवर काळा-निळा चट्टा दिसेल. माझं गाव उंब्रज, कराडहून साताऱ्याकडे जाताना हायवेवर लागणारं. तारळी नदी इथेच कृष्णेला मिळते. पाटणच्या बाजूने पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. लोक गाडी कडेला घेतात, घाईघाईत रेनकोटची पँट चढवतात आणि निघतात. पँटचा सैल पाय गरम पाइपला टेकला की झालं काम!

मग सुरू होतात सल्ले. एक म्हणतो पेट्रोल टाक. दुसरा म्हणतो संडास धुवायचं ॲसिड लाव. तिसरा थेट हॅक्सॉ ब्लेड घेऊन बसतो. चौथ्याला आरएक्स १०० वाल्या काकांचा कॉस्टिक सोडा आठवतो. पण एकही पठ्ठ्या विचारत नाही की, बाबा रे, चिकटलंय काय आणि चिकटलंय कशावर? माझं स्पष्ट मत आहे की या दोन प्रश्नांनाच इंजिनिअरिंग म्हणतात. बाकी सगळी खरडपट्टी!

आधी चिकटलंय काय ते बघू. हायवेचं डांबर असेल तर बारीक ठिपके असतात आणि ते मडगार्डवरही दिसतात. ते गार पाइपवर रॉकेलच्या बोळ्याने निघतं. रेनकोटचं तसं नाही. नायलॉन साधारण २२० अंशांना वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या पुढे, आणि हँडलला लटकवलेली कॅरीबॅग ११०-१३० च्या आसपासच. यातलं काहीही पेट्रोलमध्ये विरघळत नाही. उलट गरम पाइपवर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

आता चिकटलंय कशावर? क्रोमच्या पाइपवर ती चकाकी देणारा थर १ मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. आपल्या डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे विचार करा! ब्लेडचा एक ओरखडा त्याच्या आरपार जातो आणि पुढच्या पावसात तिथे गंज धरतो. संडासच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं, ते तर क्रोमच खाऊन टाकतं. कॉस्टिक लोखंडी सायलेन्सरच्या आतला कार्बन काढायला ठीक आहे, पण शेजारच्या ॲल्युमिनियमच्या इंजिन कव्हरवर सांडलं तर ते पोखरतं. आणि पाइप काळ्या रंगाचा असेल तर थिनरने डागाबरोबर रंगही जाईल.

उंब्रजच्या एका गॅरेजवाल्या मामांनी मला एका वाक्यात सांगितलं, "वितळून चिकटलंय ना? मग परत वितळव आणि पूस." आपण थर्मोप्लास्टिकची व्याख्या पाच मार्कांसाठी पाठ करतो, मामा त्याच्यावर घर चालवतात!

पद्धत अशी. गाडी मोकळ्या हवेत घ्या, कारण पीव्हीसीचं कोटिंग जळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो घशाला आणि डोळ्यांना वाईट. पाइप गार असताना जाड पापुद्रे लाकडी पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचकटा. मग इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. डाग मऊ झाला पाहिजे, धूर निघता कामा नये. इंजिन बंद करा, जाड चामडी हातमोजे घाला आणि लाकडी पट्टीने मऊ झालेलं ढकलून जाड सुती फडक्याने पुसून घ्या. सिंथेटिक फडकं नको, नाहीतर डागावर डाग! दोन-तीनदा हेच करा. उरलेली सावली पाइप पूर्ण गार झाल्यावर काढायची. क्रोम असेल तर डब्यातली ॲल्युमिनियम फॉइल ओली करून चोळा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत.

इथपर्यंत झाली सफाई. पण मला खरं म्हणायचंय ते पुढेच आहे. तो चट्टा पाइपवर नेमका कुठे असतो ते नीट बघा. जिथे आपली पोटरी टेकते तिथेच! पँट होती म्हणून पँट वितळली. चड्डी घातलेलं लहान पोर त्या बाजूने उतरलं असतं तर? ७० अंशांच्या धातूने कातडी भाजायला एक सेकंद पुरतो, आणि बेंड पाइप तर २०० च्या पुढे सहज जातो. तरीही आपल्यातले कितीतरी हिरो लूकसाठी सायलेन्सरची जाळी, म्हणजे हीट गार्ड, काढून ठेवतात. कंपनीने ती शोभेसाठी दिलेली नाही हो! भाजलंच तर टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नका. २० मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी सोडा आणि जखम मोठी असेल तर सरळ दवाखाना गाठा.

सर लोकांना एक नम्र विनंती. मटेरियल सायन्सच्या प्रॅक्टिकलला एक दिवस असा डागाळलेला पाइप टेबलावर ठेवा आणि फक्त एवढंच विचारा, "हे काय आहे, कशावर आहे आणि कसं काढाल?" जर्नलची वीस पानं उतरवून जे कळत नाही ते अर्ध्या तासात कळेल.

आणि पोरांनो, डाग काढून झाला की लगेच हात धुवायला पळू नका. आधी कपाटामागे टाकलेली ती जाळी शोधा आणि दोन स्क्रू आवळा.